प्रयोगाच्या पायावरची पाणपोई

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत एका काळ्या चौकोनी यंत्रावर एक चिठ्ठी चिकटविलेली होती. हें यंत्र सर्व्हर आहे, तें बंद करूं नये, अशा अर्थाची ताकीद तीवर तांबड्या शाईनें लिहिलेली होती. तें यंत्र टिम बर्नर्स-ली यांचें. १९९० सालच्या अखेरीस त्यांनीं महाजालाची कल्पना प्रत्यक्षांत आणिली, आणि जगांतील पहिला वेब सर्व्हर त्या यंत्रावर चालूं लागला. त्या आरंभींच्या दिवसांत रात्रीं निघतांना कोणी सहज कळ दाबली असती, तर तेवढ्यानें जगांतलें सारें महाजाल विझलें असतें!

ही चिठ्ठी पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तिच्या खालचें यंत्र कोणत्या पायावर उभें होतें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. तें नेक्स्ट कंपनीचें यंत्र होतें, आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९८५ सालापासून चाललेल्या ‘मॅक’ नांवाच्या संशोधनांतून आलेला होता. म्हणजे महाजालाचा पहिला दिवा विद्यापीठांतील एका प्रयोगाच्या तेलावर लागला. हाच मॅक पुढें याहून कितीतरी धाडसी अशा दुसऱ्या एका प्रयोगाचा पाया झाला. त्याचें नांव ग्नू हर्ड. त्यावर सर्व्हर चालविणें म्हणजे काय, हें पाहूं गेलें असतां गेल्या चाळीस वर्षांचा एक बोधप्रद इतिहास हातीं लागतो.

वेब सर्व्हर ही एक पाणपोईच समजावी. वाटसरू कोण, कोठला, हें न विचारतां मागेल त्यास पान काढून द्यावयाचें, हें तिचें काम. आणि कोणत्याहि घटकेस रांजण कोरडा असूं नये, हा तिचा धर्म. प्रयोगाचा धर्म याच्या नेमका उलट. जो कधीं मोडत नाहीं, त्या प्रयोगानें कांहीं नवें करून पाहिलें आहे असें म्हणतां येत नाहीं. या दोन धर्मांचा मेळ कसा बसावा?

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालच्या सप्टेंबरांत ग्नू हा संकल्प जाहीर केला. ज्याचा मूळ मजकूर कोणालाहि वाचतां येईल, बदलतां येईल व दुसऱ्यास देतां येईल, अशी संपूर्ण प्रणाली निर्माण करावयाची, हा तो संकल्प. १९९० पर्यंत तिचे बहुतेक अवयव तयार झाले. उणीव राहिली ती गाभ्याची, म्हणजे कर्नेलची. त्यासाठीं मॅक घ्यावा असें ठरत होतें. परंतु विद्यापीठ तो कोणत्या अटींवर मोकळा करील याची वाट पाहण्यांत तीनएक वर्षें गेलीं. १९९० सालीं हर्डचें काम सुरू झालें.

हर्डची कल्पना आपल्या वाचकांस गांवगाड्याच्या दृष्टान्तानें चटकन उमजेल. जुन्या पद्धतीच्या कर्नेलमध्यें एकच कारभारी सर्व दप्तरें संभाळतो. तो आजारी पडला कीं वाड्याचें सारें काम ठप्प. हर्डमध्यें कामें बलुतेदारांप्रमाणें वांटलेलीं असतात. तबकडीवरील फायली संभाळणारा एक, बाहेरच्या जाळ्याशीं बोलणारा दुसरा, परवानगी तपासणारा तिसरा. आणि मॅककडे मुख्य काम उरतें तें त्यांचे निरोप एकमेकांस पोंचविण्याचें. नेक्स्टच्या यंत्रांत मॅक असला, तरी जुन्या युनिक्सचा मोठा भाग त्याच्याशीं एकत्रच बांधलेला होता. ती गांठ पुरती सोडविण्याचें धाडस हर्डनें केलें.

रचना सुंदर खरी, पण ती उभी राहीना. निरोप पाठविणारे इतके स्वतंत्र कामकरी एकाच वेळीं धांवत असतां चूक नेमकी कोणाची, हें शोधणें फार कठीण होऊन बसलें. तेवढ्यांत १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें केवळ हौस म्हणून जुन्या, एककारभारी पद्धतीचा एक कर्नेल लिहिला. १९९२ च्या जानेवारींत अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनीं ही रचना कालबाह्य असल्याचें जाहीरपणें सांगितलें. त्या वादांत टोरव्हाल्ड्स यांनीं एक प्रांजळ कबुली दिली: ग्नूचा कर्नेल आदल्या वसंतांत तयार असता, तर आपण हा उद्योग आरंभिलाच नसता! इतिहासाचा प्रवाह किती लहानशा दगडापाशीं वळतो, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

लिनक्स त्याच वर्षीं ग्नूच्या परवान्याखालीं मोकळा झाला. १९९५ सालीं अपाची हा मोफत वेब सर्व्हर निघाला, आणि स्वस्त यंत्र, लिनक्स व अपाची या त्रयीनें हजारों पाणपोया उघडल्या. हर्डची पहिली आवृत्ति १९९६ सालीं बाहेर आली, तेव्हां वाटसरू दुसऱ्या रस्त्यास लागून गेले होते.

तरीहि कांहीं मंडळींनीं हर्डवर सर्व्हर चालवून पाहिला, आणि या कथेंतील खरी गोडी तेथेंच आहे. वाचकानें एक पान मागितलें कीं ती मागणी प्रथम ‘पीफायनेट’ या जाळें संभाळणाऱ्या कामकऱ्याकडे येते. तो निरोप देतो अपाचीस. अपाची फाइल मागतो ती तबकडीच्या कामकऱ्याकडे. आणि उत्तर त्याच वाटेनें परत जातें. प्रत्येक उंबरठ्यावर निरोपाची देवघेव. तेवढा वेळ अधिक लागणारच. ही या रचनेची किंमत. लाभ असा कीं, पीफायनेट कोसळला तरी गाभा जिवंत राहतो, आणि यंत्र बंद न करतां त्या एकट्यास पुन्हा उभें करतां येतें. सर्नच्या चिठ्ठींत जी भीति होती, तिला रचनेंतच उत्तर देण्याचा हा प्रयत्न होता.

याहून नवल पुढेंच आहे. दूरच्या एखाद्या यंत्रावरील फायली आपल्याच घरांतील कपाटाप्रमाणें दाखविणारा कामकरी हर्डमध्यें साधा वापरकर्ताहि नेमूं शकतो; त्यासाठीं यंत्राच्या धन्याची परवानगी लागत नाहीं. अपाची त्या कपाटांतील पान काढून देतो, आणि तें कोठून आलें याची त्यास वार्ताहि नसते.

अडचणीहि तितक्याच बोधप्रद निघाल्या. फायलींचा कामकरी तबकडीचा सबंध विभाग आपल्या स्मृतीच्या नकाशांत मांडून घेई. त्यामुळें सुमारे २ गिगाबाइटपेक्षां मोठा विभाग त्यास कित्येक वर्षें पेलवेना. दुसरी अडचण हर्डच्या मोकळेपणाची. फाइलीच्या मार्गाच्या लांबीस त्यानें कांहींच मर्यादा घातली नाहीं; आणि अशी मर्यादा असणारच हें गृहीत धरून लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे तयार होईनात. दोष कोणाचा? मर्यादा न घालणाऱ्याचा, कीं ती सदैव असेल असें मानणाऱ्याचा? या प्रश्नामुळें त्या प्रोग्रॅमांतील जुनीं गृहीतकें उघडीं पडलीं, आणि तीं दुरुस्त केल्यानें तेच प्रोग्रॅम अन्यत्रहि अधिक निर्दोष झाले.

डेबियन संस्थेच्या स्वयंसेवकांनीं हर्डवर आधारलेली आपली प्रणाली २०१३, २०२३ व २०२५ सालीं प्रसिद्ध केली. शेवटच्या आवृत्तींत ती ६४ बिटांच्या यंत्रांवरहि चालूं लागली. पेढीचा व्यवहार किंवा रुग्णालयाचें दप्तर आज तिजवर कोणी शहाणा मनुष्य ठेवणार नाहीं, आणि तिचे कर्तेहि तसा आग्रह धरीत नाहींत. मग तीस वर्षांहून अधिक काळाचा हा खटाटोप व्यर्थच म्हणावयाचा काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. केवळ कागदावर असलेली रचना स्वतःची स्तुति अखंड करूं शकते. सर्व्हर म्हणून ती एकदां रस्त्यावर उभी राहिली, कीं अनोळखी वाटसरू तिची परीक्षा घेऊं लागतात, आणि तिचे गुणदोष कोणाच्याहि मताची वाट न पाहतां दिसूं लागतात. लिनक्सनें वाटसरूंची तहान भागविली. तें ऋण मोठेंच आहे. पण रांजण फुटला तरी पाणपोई चालूं कशी राहील, हा प्रश्न हर्डनें जागा ठेविला. रात्रीं आपल्या खोलींत त्यावर एखादा सर्व्हर लावून, सकाळीं तो जिवंत आहे कीं नाहीं हें उत्सुकतेनें पाहणारा कोणी आजहि असेल. आपल्या यंत्रावर चिठ्ठी चिकटविण्याची घाई तो करणार नाहीं. तें कोठें आणि कां बंद पडतें, हेंच तर त्यास पाहावयाचें आहे.