पोस्टमास्तरांचा खटला आणि प्रेक्षकांचा कौल

न्यायाचे काम न्यायमंदिरात व्हावे आणि मनोरंजनाचे रंगमंदिरात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या दोहोंमधील भिंत वाटते तितकी उंच नाही, हे इतिहासात अनेकदा दिसून आले आहे. १८६० साली ढाका येथे दीनबंधु मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे बंगाली नाटक प्रसिद्ध झाले. निळीच्या मळेवाल्यांनी रयतेवर चालविलेल्या जुलमाचे चित्र त्यात होते. पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांच्यावर कलकत्त्यास बदनामीचा खटला भरण्यात आला. त्यांना एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी भरली. नाटकाने जुलूम दाखविला, आणि न्यायालयाने शिक्षा केली ती नाटक छापणाऱ्यास! याच्या नेमका उलट प्रकार इंग्लंडात २०२४ साली घडला. तेथे एका दूरचित्रवाणी-नाटकाने जनमत असे जागे केले, की न्यायालयांनी पूर्वी दिलेल्या शेकडो शिक्षा पार्लमेंटला कायदा करून रद्द कराव्या लागल्या.

इंग्लंडच्या खेड्यातील पोस्ट म्हणजे पुष्कळदा वाण्याच्या दुकानातील एक खिडकी. दुकानदार हाच तेथील उपपोस्टमास्तर. तो पगारी नोकर नव्हे. करारावर काम करणारा. म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन आणि गावकऱ्यांची बचत त्याच्या हातून जाते. साहजिकच गावात त्याचा शब्द मानला जातो. १९९९ पासून या पोस्टांतून ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबपद्धती सुरू झाली. ती फुजित्सू या जपानी कंपनीच्या उद्योगसमूहाने तयार केली होती. लवकरच ठिकठिकाणी एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. पेटीतील रोकड आणि यंत्रातील आकडा जुळेना. यंत्र तूट दाखवी, आणि करारावर बोट ठेवून पोस्ट ऑफिस ती उपपोस्टमास्तराकडून वसूल करी. कोणी घरातली शिल्लक घातली, कोणी घर गहाण टाकले, तरी तूट पुन्हा उभीच.

इंग्लंडात पोस्ट ऑफिसला स्वतः खटले भरता येत. ज्याचे नुकसान, त्याचाच तपास आणि त्याचीच फिर्याद, असा हा मामला होता. त्यातच, संगणक बिघडला आहे असे कोणी दाखवून देईपर्यंत तो ठीकच चालतो असे मानावे, असा तेथील पुराव्याचा नियम होता. यंत्राचे पोट तपासण्याची साधने खेड्यातील दुकानदाराकडे कोठून असणार? १९९९ ते २०१५ या काळात नऊशेंहून अधिक माणसे चोरी, लबाडी वा खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरली. त्यांपैकी सुमारे सातशे खटले खुद्द पोस्ट ऑफिसने भरलेले होते. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथील भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची सजा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या, आणि तो दिवस त्यांच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा होता.

मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्या अनेकांना एकच उत्तर मिळे : ‘अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात.’ हे वाक्य खोटे होते, आणि ते खोटे ठरविण्यासाठीच वेल्समधील लँडडनो येथील अ‍ॅलन बेट्स यांनी उर्वरित आयुष्य वेचले. २००३ साली त्यांचा करार संपुष्टात आणला गेला होता. २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ या पत्राने काही पीडितांची हकीकत छापली. त्याच वर्षी फेनी कॉम्प्टन गावच्या सभागृहात हे विखुरलेले लोक प्रथमच एकत्र आले. पुढे बेट्स आणि इतर मिळून ५५५ वादी उच्च न्यायालयात उभे राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष असल्याचा निर्वाळा दिला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. त्यांत सीमा मिश्राही होत्या.

एवढे सारे उघड झाले, वर्तमानपत्रांतून आले, चौकशी समितीपुढे साक्षी झाल्या. तरीही २०२३ अखेर रद्द झालेल्या शिक्षा शंभराहूनही कमी होत्या. देशाला माहिती होती. परंतु माहिती असणे वेगळे आणि मनाला भिडणे वेगळे.

१ ते ४ जानेवारी २०२४ या चार रात्री ग्विनेथ ह्यूज यांनी लिहिलेले ‘मिस्टर बेट्स व्हर्सस द पोस्ट ऑफिस’ हे नाटक आय. टी. व्ही. वाहिनीवर दाखविण्यात आले. बेट्स यांची भूमिका टोबी जोन्स यांनी केली होती. त्यातील एका प्रसंगी हॅम्पशरमधील एका गावची उपपोस्टमास्तरीण जो हॅमिल्टन दूरध्वनी कानाशी धरून सांगितल्याप्रमाणे कळा दाबते, आणि तूट कमी होण्याऐवजी तिच्या डोळ्यांदेखत दुप्पट होते. निकालपत्राची शेकडो पाने जे करू शकली नाहीत, ते या एका दृश्याने केले. एक कोटीहून अधिक लोकांनी हे नाटक पाहिले.

प्रेक्षकांची प्रतिक्रिया केवळ हळहळीची नव्हती. पोस्ट ऑफिसच्या माजी प्रमुख पॉला व्हेनेल्स यांचा ‘सी. बी. ई.’ हा किताब काढून घ्यावा, या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. ९ जानेवारीस त्यांनी तो परत करण्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी कायद्याची घोषणा केली, आणि २४ मे २०२४ रोजी त्यास राजसंमती मिळाली. बेट्स यांना त्याच वर्षी ‘सर’ हा किताब मिळाला. परंतु सर्वांत बोलकी प्रतिक्रिया निराळीच होती. आजवर शरमेने गप्प राहिलेली, आपण एकटेच असे समजणारी अनेक माणसे नाटक पाहून वकिलांकडे आली.

येथे एक प्रश्न मनात येतो. प्रेक्षकांच्या संतापाने न्याय व्हावा काय? पार्लमेंटने एका फटक्यात न्यायालयांचे निर्णय फिरवावेत, हे तेथील अनेक कायदेपंडितांस रुचले नाही. एखादा खरा अपराधीही त्यात सुटेल, हे सरकारनेही मान्य केले. ही शंका रास्त आहे. लोकक्षोभ आज निरपराध्यास सोडवील, तर उद्या निरपराध्यास बुडवील. परंतु या प्रकरणी नाटकाने पुरावा निर्माण केला नाही. तो २०१९ च्या निकालात होताच. पुरावा सिद्ध करण्याचे कष्ट वादींचे, वार्ताहरांचे आणि न्यायाधीशांचे. नाटकाने केली ती घाई. आणि ज्यांच्यापाशी वेळ उरला नव्हता, त्यांच्यासाठी तीच महत्त्वाची होती.

काहींसाठी मात्र तीही उशिराच झाली. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला भाग जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकरणामुळे किमान तेरा जणांनी आत्महत्या केली असावी, असे त्यात नमूद आहे. त्यांच्या गावांतील लोकांनीही जानेवारीतल्या त्या रात्री हे नाटक पाहिले असेल, आणि ज्या शेजाऱ्यास एकेकाळी चोर म्हटले त्याची त्यांना आठवण झाली असेल. यंत्राने आकडा सांगितला, खात्याने आरोप केला, न्यायालयाने शिक्षा दिली. पण गावानेही त्यावर विश्वास ठेवला होता. आपल्याही गावात एखाद्याच्या हिशेबात तूट निघाल्याची वार्ता येईल, तेव्हा बोट दाखविण्यापूर्वी त्याच्या दुकानाची पायरी चढून त्याचे म्हणणे ऐकून घेणे, एवढे तर प्रत्येकाच्या हाती आहे.