वास मिसळतात, तिथेच वर्गणी

घरातल्या सिलिंडरचा वास तुम्हाला चांगला माहीत आहे. पण तो गॅसचा वास नाही. प्रोपेन आणि ब्युटेन, दोन्हींना स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात अगदी किंचित इथिल मर्कॅप्टन मिसळतात. अमेरिकेत हा वास मिसळण्याच्या टप्प्याला आणखी एक अर्थ आहे. वास घातलेल्या प्रत्येक गॅलनमागे तिथे एक बारीकशी वर्गणी द्यावी लागते. त्या पैशातून प्रोपेनवरचं संशोधन चालतं. आणि जाहिरातही.

ही कल्पना आली कुठून? अमेरिकेत जिथे पाइपचा गॅस पोहोचत नाही अशा खेड्यांत, शेतांवर लोक अंगणात प्रोपेनची टाकी ठेवतात. विकणारे हजारो, बहुतेक छोटे. यातल्या एकट्यादुकट्याने पैसे घालून नवं इंजिन किंवा सुरक्षित शेगडी तयार करून घेतली, तर फायदा शेजारच्या विक्रेत्यालाही फुकट मिळणार. मग खर्च कोण करेल? तिथल्या गोमांस आणि दूध व्यवसायांनी यावर सक्तीच्या वर्गणीचा तोडगा आधीच काढलेला होता. १९९६ साली प्रोपेनसाठीही तसाच कायदा झाला आणि ‘प्रोपेन एज्युकेशन अँड रिसर्च कौन्सिल’ उभी राहिली. मात्र आधी उत्पादक आणि विक्रेत्यांचं मतदान घ्यायची अट होती. २१ सदस्य: ९ उत्पादकांचे, ९ विक्रेत्यांचे, ३ जनतेचे. (हे गणित तुम्हीच बघा.)

सुरुवातीची वर्गणी गॅलनला सेंटचा दहावा भाग, कमाल मर्यादा अर्धा सेंट. म्हणजे वर्षाला १००० गॅलन जाळणाऱ्या घरामागे जास्तीत जास्त ५ डॉलर. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मला या कायद्यातलं सगळ्यात आवडलेलं कलम म्हणजे जाहिरातीला लावलेला ब्रेक. प्रोपेनच्या किमतीचा पाच वर्षांचा सरासरी निर्देशांक वीज, पाइपचा गॅस आणि हीटिंग ऑइल यांच्या एकत्रित निर्देशांकापेक्षा १०.१ टक्क्यांहून जास्त वर गेला, की परिषदेने फक्त संशोधन, प्रशिक्षण आणि सुरक्षितता एवढंच करायचं. ग्राहकांमधला प्रचार बंद. तर्क सरळ आहे: माल महाग होत चाललाय, तर सक्तीच्या पैशाने लोकांना तो घ्यायला लावू नका. हिशोब करायचा वाणिज्य खात्याने.

२००९मध्ये हा ब्रेक खरोखर लागला. पुढच्याच वर्षी सरकारी लेखापरीक्षकांचा अहवाल आला की परिषदेवरची केंद्र सरकारची देखरेख कमी पडते, ती वाढवा.

मग २०१४च्या डिसेंबरमध्ये कायदा दुरुस्त झाला. १०.१ टक्क्यांची रेघ तिथेच राहिली. प्रोपेनची कुठली किंमत मोजायची, ते बदललं. घरगुती ग्राहकाची किरकोळ किंमत धरायचं ठरलं आणि जाहिरातींची वाट मोकळी झाली. आता, घरगुती ग्राहकाची तुलना करायची तर घरगुती किंमतच घ्यावी, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण मोजमापाची पद्धत ब्रेक लागल्यानंतर बदलली जाते, तेव्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणाच्याही भुवया उंचावतील. आम्ही असं केलं तर गाइड काय म्हणतील, ते इथे लिहीत नाही.

या पैशातून झालेलं काम खोटं आहे, असं मात्र म्हणता येत नाही. प्रोपेनवर चालणाऱ्या स्कूलबस, गवत कापायची यंत्रं, शेतीची इंजिनं, कामगारांचं सुरक्षा-प्रशिक्षण, हे सगळं प्रत्यक्षात आहे. निधीचा किमान ५ टक्के भाग शेतीच्या कामासाठी राखायचा, असंही कायद्यात आहे.

अडचण त्याच तिजोरीतून निघणाऱ्या दुसऱ्या खर्चाची आहे. कायदे घडवण्यासाठी किंवा निवडणुकांवर प्रभाव टाकण्यासाठी हा पैसा वापरायला कायद्याने मनाई आहे. ग्राहकांचं मत वळवायला नाही. जानेवारी २०२३मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली, की घरं विजेवर नेण्याच्या चळवळीविरुद्धच्या प्रचारावर परिषद पैसे खर्च करते आहे. हीट पंप घ्यावा की नाही, या विचारात असलेल्या खेड्यातल्या माणसाने तो प्रचार ऐकला असेल. त्यातला काही भाग त्याच्याच टाकीतल्या गॅलनमागे कापलेल्या त्या बारीक वर्गणीतून आलेला होता.