पाण्यावरची आग

आमच्या वर्कशॉपमधला पत्रा कापायचा प्लाझ्मा टेबल घरीच बांधलाय: चॅनेलची फ्रेम, रॅक-पिनियन, स्टेपर मोटर आणि खाली पाण्याची उथळ टाकी. पोरांना वाटतं, ही आत्ताची करामत. पण प्लाझ्मा टॉर्चचं पेटंट युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेजला 1957 सालीच मिळालं. त्याही आधी, 1952 मध्ये, आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशिन एमआयटीत दाखवलं गेलं. हुकूम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर. पाणी आलं 1968 मध्ये. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या एका गॅरेजात डिक काउच आणि बॉब डीन यांनी नॉझलमध्येच पाणी सोडून आर्क आवळला. काप अरुंद झाला, कड स्वच्छ आली, आणि त्यातून हायपरथर्म कंपनी उभी राहिली. म्हणजे गॅरेजातला जुगाड काही आम्हीच शोधला नाही!

टेबलातल्या पाण्याचं काम निराळं. ते धूर, ठिणग्या गिळतं, पातळ पत्रा तापून वाकू देत नाही. ॲल्युमिनियम आलं की मात्र मी सावध होतो. त्याचा वितळलेला चुरा पाण्यात हायड्रोजन सोडतो, तो पत्र्याखाली साठतो आणि वरून आर्क येतोच. म्हणून आधी तळातला गाळ उपसायचा, पत्र्याखाली हवा खेळती ठेवायची, आणि पत्रा रात्रभर टेबलावर पडू द्यायचा नाही.