अंतर्वेदीतील ओल

गंगा आणि यमुना यांमधील मुलखास मराठी कागदपत्रांत अंतर्वेद म्हटले आहे. गाझियाबाद याच अंतर्वेदीत, हिंडन नदीच्या काठी आहे. ते १७४० साली वजीर गाजीउद्दीनाने वसविले असे सांगतात. म्हणून मूळचे नाव गाजीउद्दीननगर. १७६० च्या डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले याच टापूत पडले आणि पानिपतावरील सैन्याच्या रसदेचा मोठा आधार गेला. हा इतिहास ग्रंथांतून वाचता येतो; घरांचा इतिहास मात्र भिंतींवरच वाचावा लागतो.

आपल्याकडील वाड्यांना काळ्या दगडाचे जोते असते. शनिवारवाड्याचाही खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. अंतर्वेदीत सारा गाळ, दगड दुर्मीळ. म्हणून येथील जुनी घरे पायापासून लहान, पातळ लखौरी विटांची आणि चुना-सुरखीची. वीट जमिनीतील पाणी वर शोषून घेते, आणि त्या पाण्याबरोबर क्षारही चढतात. या क्षारांतूनच नोनिया लोक पूर्वी सोरा काढीत. तो तोफेच्या दारूत जाई. १८५४ साली गंगेचा कालवा सुरू झाला. त्याने पिके वाढली, तशी कित्येक ठिकाणी भूजलाची पातळीही वाढली आणि शेतांवर 'रेह' नावाचा पांढरा थर पसरला. शेतात रेह, तसा भिंतीला लोणा.

तरीही त्या भिंती टिकल्या, कारण चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडून सुकत असे; झिजे तो गिलावा, वीट वाचे. १९१४ पासून पोरबंदरास सिमेंट तयार होऊ लागले आणि पुढे दुरुस्तीत चुन्याची जागा त्याने घेतली. सिमेंटचा थर ओल कोंडतो. कोंडलेली ओल आणखी वर चढते, क्षारांचे स्फटिक विटेच्या अंगातच वाढतात आणि विटेचा भुगा होतो.

म्हणून आधी निदान करावे. ओल छताकडून उतरत असेल तर ती पावसाळ्यात वाढते; एकाच जागी बारमाही डाग असेल तर नळ किंवा मोरी पाहावी; जमिनीपासून कमरेइतकी चढून पांढरी रेघ सोडणारी ओल पायातली समजावी. तिच्यासाठी बाहेर साचलेला भराव जोत्याखाली उतरवावा, गटार दुरुस्त करावे, सिमेंटचा गिलावा रेघेच्या वरपर्यंत काढावा. क्षार धुऊ नयेत. धुतल्याने ते पुन्हा आत जातात. कोरड्या कुंचल्याने झाडावेत. भिंत एक ऋतू सुकू द्यावी, मग चुन्याचाच गिलावा करावा.

आपल्यापैकी अनेकांच्या सहीने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके मंजूर होतात. तेथे चुन्याऐवजी सिमेंट लिहिले तर खर्च आज कमी दिसेल. पण काही वर्षांनी तीच इमारत 'धोकादायक' ठरून पाडण्याची शिफारस पुढे येईल. तेव्हा दोष भिंतीच्या वयाचा नसेल, आपण केलेल्या औषधाचा असेल, हे सही करताना ध्यानी असावे.