घरात गोम, विंचू निघतायत? रात्री ओलं गोणपाट ठेवा, सकाळी काठीने उलटा

पावसाळ्यात बिळांत आणि दगडांखाली पाणी भरलं की गोम, घोण, विंचू घराकडे वळतात. गोमीच्या अंगातलं पाणी लवकर उडतं, म्हणून ती मोरी, माठाखालची जागा, सरपणाचा ढीग असा ओलावा धरून राहते. याच सवयीवर तिला पकडता येतं.

संध्याकाळी जुनं गोणपाट भिजवून पिळा, दुमडून मोरीजवळ भिंतीला लागून ठेवा. झोपायच्या जागेपासून लांब. गोम रात्रभर झुरळं शोधत फिरते आणि उजाडताना अंधारी, ओली जागा बघून आत शिरते. सकाळी पायात चप्पल घालून लांब काठीने गोणपाट उलटा. हात अजिबात घालू नका. सापडलेली गोम चिमट्याने साबणाच्या पाण्यात टाका. तीन-चार रात्री असं केलं की त्या कुठल्या कोपऱ्यातून येतात ते कळतं. ती फट सिमेंटने बुजवा, नाहीतर रोज नवी गोम सापडत राहील. उंदरांचा चिकट पॅडही भिंतीकडेला चालतो, पण त्यात पाली आणि कोंबडीची पिल्लंही अडकतात.

विंचू शोधायला नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी घ्या. अंधारात त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही, म्हणून बाजेचे पाय काचेच्या बरण्यांत ठेवा आणि अंथरूण जमिनीला टेकू देऊ नका.

शेतातलं औषध घरात टाकू नका. फोरेटवर तर २०२० अखेरपासून बंदी आहे, तरी कुणाकुणाच्या घरी जुना डबा असतोच.

गोम कानातून मेंदूत जाते असं म्हणतात, ते खरं नाही. मध्ये कानाचा पडदा असतो. मात्र कानात शिरली तर काडी न घालता दवाखाना गाठा. गोम चावली तर जागा साबणाने धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेका.

विंचवाचं तसं नाही. लाल विंचू चावून घाम, उलटी, हातपाय गार पडणं सुरू झालं, त्यातही लहान मूल असेल, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन गोळीचा उपचार रूढ केला, त्याने कित्येक जीव वाचले. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.