आधी कौल कोणाचा? मराठी चित्रपट, पुरस्कार आणि प्रेक्षक

पुरस्कारांचा हंगाम ही कल्पना मुळात अमेरिकी चित्रपटव्यवसायातली आहे. शरद ऋतूतील महोत्सवांपासून फेब्रुवारी-मार्चमधील ऑस्कर सोहळ्यापर्यंतच्या काळात मानाची आशा असलेले चित्रपट तेथे मुद्दाम प्रदर्शित केले जातात, मतदारांसाठी खास खेळ लावले जातात आणि व्यवसायाच्या नियतकालिकांतून जाहिराती केल्या जातात. मराठी प्रेक्षकाची या हंगामाशी खरी गाठ पडली ती 2004 मध्ये, ‘श्वास’ या चित्रपटामुळे. त्याआधी मराठी चित्रपटांना मान मिळाले नव्हते असे नाही. पण तेव्हा प्रेक्षकांचा कौल आधी लागत असे आणि परीक्षकांचा नंतर. हा क्रम कसा उलटला हे पाहिल्याशिवाय ‘श्वास’च्या वेळी उसळलेल्या उत्साहाचे स्वरूप नीट उमगत नाही.

प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ 1936 च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तेथे वर्षभराहून अधिक काळ चालला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली ती पुढच्या वर्षी, म्हणजे विष्णुपंत पागनीस यांच्यात लोकांनी तुकोबा पाहून झाल्यानंतर. ‘श्यामची आई’चेही तसेच झाले. साने गुरुजींचे पुस्तक घरोघर आधीच वाचले गेले होते. आचार्य अत्रे यांनी 1953 मध्ये ते पडद्यावर आणले तेव्हा प्रेक्षक कथा जाणून घ्यायला जात नव्हता, ठाऊक असलेल्या जागी पुन्हा रडायला जात होता. केंद्र सरकारने चित्रपटांसाठी नव्यानेच सुरू केलेल्या पुरस्कारांतील पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक 1954 मध्ये या चित्रपटाला मिळाले आणि महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटला. परंतु त्या पदकामुळे कोणी चित्रपटाकडे निराळ्या नजरेने पाहू लागले असे म्हणता येत नाही.

त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे यायला अर्धे शतक जावे लागले. 2003 या वर्षासाठीचे सुवर्णकमळ, म्हणजे पूर्वीच्या सुवर्णपदकाचेच पुढचे रूप, संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ला मिळाले. हा स्वतंत्र चित्रपट होता. येथे ‘स्वतंत्र’ याचा अर्थ एवढाच की त्याच्या पाठीशी मोठी निर्मितिसंस्था किंवा लोकप्रिय नट नव्हता आणि आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे हेच त्याच्या निर्मात्यांपैकी एक होते. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात कोकणातल्या परशुराम नावाच्या मुलाला डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग होतो. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रियेने दृष्टी गमवावी लागणार असते. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते तेव्हा आजोबा नातवाला कोणालाही न सांगता रुग्णालयातून बाहेर नेतात, कारण जग पाहून घेण्यासाठी त्याच्यापाशी तेवढेच तास उरलेले असतात. बालनट अश्विन चितळे यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून ‘श्वास’ची ऑस्करसाठी निवड झाली आणि चित्रपटाचा प्रेक्षकवर्ग पाहता पाहता एका मोहिमेचा पाठीराखा झाला. परभाषी चित्रपटांच्या त्या विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येई आणि भारतात ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही चित्रपटव्यावसायिकांची शिखर संस्था करीत असे. निवड झाली तरी पुढचा रस्ता खर्चाचा होता. त्या काळच्या नियमांप्रमाणे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे जे सदस्य ठरावीक संख्येने चित्रपट चित्रगृहात बसून पाहत, त्यांच्याच मतांवर पाच नामांकने ठरत. त्यामुळे लॉस एंजेलिसमध्ये खेळ लावणे, प्रसिद्धीतज्ज्ञ नेमणे आणि सदस्यांचे लक्ष वेधणे या गोष्टी टाळता येण्याजोग्या नव्हत्या. ‘लगान’च्या वेळी आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर यांनी तेथे तळ ठोकला होता हे लोकांच्या ताज्या स्मरणात होते. मराठी निर्मात्यांपाशी तेवढे बळ नव्हते.

ते बळ वर्गणीतून उभे करण्याचा प्रयत्न झाला. सार्वजनिक संस्था, कलावंत, राजकीय पक्ष आणि शासन यांच्याकडून मदत आली आणि शाळकरी मुलांनीही आपापल्या परीने पैसे जमवले. ही रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. गावोगावच्या गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तके तर सर्वांच्या परिचयाची आहेतच. पण त्याहून जवळचे उदाहरण पैसा फंडाचे आहे, ज्यात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. फरक एवढाच की तळेगावच्या कारखान्यातून वस्तू बाहेर पडणार होत्या, तर ‘श्वास’साठी दिलेला पैसा सहा हजार माणसांच्या एका दूरच्या संस्थेतील काहीजणांनी दोन तास अंधारात बसावे, यासाठी खर्च व्हायचा होता.

वर्गणी दिलेल्या माणसाला चित्रपट नावडणे कठीण असते. त्यामुळे ‘श्वास’विषयीच्या प्रतिक्रियांत दोन थर मिसळले. एक थर कलाकृतीला दिलेल्या खऱ्याखुऱ्या प्रतिसादाचा होता: काळा चष्मा लावून गावी परतणारा परशा पाहून डोळे पुसणारे, मुलाला सत्य सांगावे की नाही यावरून डॉक्टर आणि आजोबा यांच्यातल्या ताणावर घरी येऊन वाद घालणारे, नलावडे यांच्या अबोल घालमेलीची तारीफ करणारे प्रेक्षक या थरात मोडतात. दुसरा थर भाषिक अस्मितेचा होता. विनोदी चित्रपटांच्या साच्यात आणि हिंदीच्या सावलीत अनेक वर्षे काढलेल्या व्यवसायाला अचानक जगाचा दरवाजा दिसला होता, आणि चित्रपट अतिभावुक आहे असा आक्षेप घेणे म्हणजे आपल्याच माणसाचे पाय ओढणे, असे वातावरण त्यातून तयार झाले. मराठी समीक्षेच्या दृष्टीने हे फारसे हिताचे नव्हते.

25 जानेवारी 2005 रोजी नामांकने जाहीर झाली. स्वीडन, फ्रान्स, जर्मनी, दक्षिण आफ्रिका आणि स्पेन यांचे चित्रपट त्यांत होते, ‘श्वास’ नव्हता. अखेरीस पुरस्कार मिळालेला स्पेनचा ‘द सी इनसाइड’ हाही रुग्णशय्येवरच्या माणसाचा, शरीर आणि सन्मान यांच्यातल्या झगड्याचा चित्रपट होता, हे लक्षात घेतले तर विषयामुळे ‘श्वास’ मागे पडला असे मानता येत नाही. मात्र नामांकन हुकले तरी मराठी व्यवसायात आलेली उभारी ओसरली नाही आणि पुढच्या दशकातील नव्या दिग्दर्शकांची वाट त्यामुळे काहीशी सोपी झाली.

दहा वर्षांनी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आला तेव्हा क्रम पूर्णपणे उलटलेला होता. 2014 मध्ये व्हेनिसला ओरिझोंती, म्हणजे नव्या वाटा शोधणाऱ्या चित्रपटांच्या विभागातील सर्वोच्च पुरस्कार आणि पहिल्या चित्रपटासाठीचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ असे दोन्ही मान त्याला मिळाले. मार्च 2015 मध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले आणि 17 एप्रिलला तो चित्रगृहांत लागला. तिकीट काढणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक होता. पडद्यावर मात्र त्याला हिंदी चित्रपटांतली जोशपूर्ण उलटतपासणी भेटली नाही. भेटल्या त्या पुढच्या तारखा, कायद्याची कलमे एकसुरात वाचणाऱ्या सरकारी वकील आणि जागचा न हलणारा कॅमेरा. वीरा साथीदार यांनी साकारलेल्या लोकशाहिरावर आरोप असतो तो गाण्यातून सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. काही प्रेक्षकांना हा संथपणा असह्य झाला, तर काहींना त्या संथपणातच व्यवस्थेचे खरे रूप दिसले. सर्वांत अवघडलेला क्षण बहुधा सरकारी वकील सहकुटुंब नाटकाला जातात त्या प्रसंगी येतो: परप्रांतीयांची टवाळी करणाऱ्या संवादांवर नाट्यगृह हसते, आणि ते हसू पाहणारा मराठी प्रेक्षक स्वतः हसावे की नाही या पेचात सापडतो. ‘श्वास’च्या काळात अस्मितेने प्रेक्षकाला चित्रपटाच्या बाजूने उभे केले होते, ‘कोर्ट’ त्याच अस्मितेला समोरच्या बाकावर बसवतो. हा चित्रपटही ऑस्करसाठी भारतातर्फे पाठवला गेला, पण पैसा फंडासारखी वर्गणी त्याच्यासाठी उभी राहिली नाही.

हाच उलटा क्रम पुढेही दिसला: सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला एप्रिल 2017 मध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले आणि चित्रपट प्रदर्शित व्हायला ऑक्टोबर उजाडला. निर्माते मोहन आगाशे हे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ; नैराश्यावरचा हा चित्रपट त्यांनी चित्रगृहांबाहेरही लोकांपुढे नेला आणि खेळ संपल्यावर दिवे लावून प्रेक्षकांना बोलते करण्याची पद्धत ठेवली.