श्रद्धा आणि तर्क : नीलकंठशास्त्री गोरे यांच्या विचारातील एक सातत्य

ख्रिस्ती श्रद्धा आणि बुद्धी यांच्या संबंधाची चर्चा बहुधा युरोपीय तत्त्वज्ञांच्या आधारे केली जाते. एकोणिसाव्या शतकात हा वाद संस्कृत भाषेतही झाला, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही.

कंपनी सरकारच्या नोकरीतील स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा गुरुशिष्यसंवादरूप पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. खऱ्या धर्माची त्यांनी तीन लक्षणे सांगितली : संस्थापकाचे चमत्कारसामर्थ्य, ग्रंथाचे पावित्र्य आणि त्याची सार्वत्रिकता. श्रद्धेपूर्वी परीक्षा आणि परीक्षक बुद्धी, अशी ही मांडणी होती. काशीतील चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांनी १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून या पायालाच हात घातला. केवळ तर्काने अतींद्रिय तत्त्वाचा निर्णय होत नाही. तर्काने शास्त्राच्या मागून चालावे, ही जुनी भूमिका त्यांनी पुढे केली. शिवाय, बुद्धीच कसोटी मानावयाची तर पूर्वजन्म नाकारणाऱ्या मतात निरपराध जीवांच्या दुःखाची उपपत्ती कशी लागते, हा प्रश्न त्यांनी प्रतिपक्षावरच उलटविला.

येथे शब्दार्थाचा भेद महत्त्वाचा आहे. म्यूर यांच्या परंपरेतील ‘रीझन’ स्वयंनिर्णायक आहे. न्यायशास्त्रातील ‘तर्क’ हे स्वतंत्र प्रमाण नसून प्रमाणाचे साहाय्यक आहे. भाषा एकच असूनही दोन्ही पक्षांच्या बुद्धीविषयक कल्पना भिन्न होत्या.

१८४८ मध्ये गोरे यांनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. १८६० च्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी दर्शनांचे तर्काने खंडन केले. त्यावरून ते श्रद्धा सोडून बुद्धिवादाकडे वळले, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु १८७५ च्या सुमारास मुंबई-पुण्याच्या एकेश्वरवादी मंडळींपुढे त्यांनी मांडलेले मत वेगळे आहे : या मंडळींची ईश्वरकल्पना निव्वळ बुद्धीतून निघालेली नसून ख्रिस्ती शिकवणुकीतून उसनी घेतलेली आहे, प्रकटीकरणावाचून बुद्धी अपुरी आहे.

म्हणजे धर्मांतराने शास्त्र बदलले, तर्काचे स्थान बदलले नाही. म्हणून त्यांचे धर्मांतर हा बुद्धीचा विजय वा पराभव मानणे दोन्ही अयोग्य होय. शंकांनी त्यांना आयुष्यभर सोडले नाही. शास्त्राच्या मागून चालावयास लावलेला तर्क अखेरपर्यंत जागाच राहिला, असेच म्हणावे लागते.